मुलगा सुटला, आई राहिली: येसूबाईंच्या कैदेचं प्रकरण

शाहूराजे मुघलांच्या कैदेतून सुटले ती तारीख अनेकांना पाठ असते: ८ मे १७०७, भोपाळजवळचं दोराहा. त्यांच्या आई, म्हणजे संभाजीराजांच्या राणी येसूबाई कधी सुटल्या असं विचारलं तर मात्र चांगले इतिहासवेडेही जरा अडखळतात. उत्तर आहे १७१९. म्हणजे मुलगा सुटल्यावर आई आणखी बारा वर्षं कैदेत राहिली, आणि तीही मुलगा सुटला म्हणून. हे ‘म्हणून’ उलगडायचं तर सुरुवात रायगडापासून करावी लागते.

रायगडावरचा निर्णय

१ फेब्रुवारी १६८९ ला संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेले, ११ मार्चला औरंगजेबाने त्यांना ठार मारलं. मधल्या चाळीसेक दिवसांत रायगडावर एक विलक्षण गोष्ट घडली. राजा जिवंत पण शत्रूच्या हाती, अशा अवस्थेत राजारामांना मंचकावर बसवलं गेलं. वारसाहक्काने पाहिलं तर गादी शाहूंची. पण ते सातव्या वर्षात होते. आपल्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून धाकट्या दिराला पुढे करायला येसूबाईंनी संमती दिली, नव्हे, पुढाकारच घेतला.

येसूबाई शृंगारपूरच्या शिर्क्यांच्या, पिलाजीरावांच्या कन्या. ‘श्री सखी राज्ञी जयति’ हा शिक्का संभाजीराजांनी त्यांना दिला होता आणि ते मोहिमेवर असताना गडावरचा कारभार त्या बघत असत. त्यांचे सख्खे भाऊ गणोजी तेव्हा मुघलांकडे होते. घरातलाच माणूस पलीकडे आणि नवऱ्याचे हाल करून त्याला मारलेलं, अशा वेळी या बाईने डोकं शांत ठेवून हिशेब केला.

मार्च संपता संपता इतिकदखानाने गडाला वेढा घातला. हा वजीर असदखानाचा मुलगा. आता गडावर दोन वारस होते, राजाराम आणि शाहू. दोघे एकत्र सापडले तर खेळ खलास. ५ एप्रिलला राजाराम निवडक माणसांनिशी गडावरून निसटून प्रतापगडाकडे गेले, पुढे पन्हाळा आणि शेवटी थेट तमिळ मुलखातली जिंजी. येसूबाई मुलासह मागे थांबल्या.

त्यांनी शाहूंनाही का पाठवलं नाही? माझं वाचन असं की राजघराणं सगळंच्या सगळं उतरून गेलं असतं तर शिबंदीचा धीर सुटला असता आणि गड आठ दिवसांत पडला असता. राणी आणि युवराज गडावर आहेत म्हटल्यावर किल्लेदारापासून हुजऱ्यापर्यंत सगळ्यांना लढायला कारण होतं. शिवाय लहान मूल, बाया आणि थोरल्या महाराजांच्या विधवा राणी सकवारबाई यांना घेऊन वेढ्यातून निसटणं म्हणजे सगळ्यांनाच पकडून देणं. गड तब्बल सात महिने झुंजला. तेवढ्या वेळात राजाराम मुघलांच्या टप्प्याबाहेर पोचले. ३ नोव्हेंबर १६८९ ला रायगड पडला तेव्हा खानाच्या हाती राजधानी लागली, राजकुटुंब लागलं, पण राजा लागला नाही.

वाईच्या देशमुखीच्या लोभाने सूर्याजी पिसाळ फितूर झाला ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. फितुरी झालीच नाही असं मला म्हणायचं नाही. पण सात महिने वेढ्यात असलेला, बाहेरून मदत येण्याची आशा नसलेला गड एका माणसामुळेच पडला हे म्हणणं सोयीचं आहे, इतकंच.

इतिकदखानाला या कामगिरीबद्दल झुल्फिकारखान हा किताब मिळाला. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

बेडी नसलेली कैद

कैदी बादशहाच्या तळावर पोचले. येसूबाई, शाहू, सकवारबाई, संभाजीराजांचा दासीपुत्र मदनसिंग, जोत्याजी केसरकरांसारखे सेवक, असा बराच मोठा लवाजमा होता. आठ महिन्यांपूर्वी शाहूंच्या बापाचे जे हाल झाले ते पाहता इथे काय होईल याची धास्ती सगळ्यांनाच असणार. घडलं उलटंच. साडेसात वर्षांच्या पोराला सात हजारी मनसब आणि ‘राजा’ हा किताब देण्यात आला. राहायला जागा कुठे, तर गुलालबारात, म्हणजे बादशहाच्या खाशा तंबूंभोवतीच्या आवारात.

औरंगजेबाला दया आली, अशी यातली गोष्ट नाही. राजाराम जिंजीला राजे म्हणून बसले होते. त्यांच्यापेक्षा वारसाहक्काने जवळचा असा एक मुलगा आपल्या हाती आहे, तर त्याला मारण्यात काय फायदा? जिवंत ठेवला तर उद्या मराठ्यांपुढे दुसरा राजा उभा करता येतो. मनसब दिली की तो कागदोपत्री बादशहाचा चाकर होतो. भोसल्यांना ही रीत नवी नव्हती. १६६५ च्या पुरंदरच्या तहात आठ वर्षांचे संभाजीराजेच मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत ओलीस म्हणून राहिले होते आणि त्यांनाही पाच हजारी मनसब मिळाली होती. पुढच्या वर्षी आग्र्याला शिवाजी महाराजांना कोंडलं ते तुरुंगात नव्हे, चौक्या बसवलेल्या मुक्कामात.

फरक असा की आग्र्याची कैद काही महिन्यांची होती आणि कैदी पस्तिशी ओलांडलेला होता. शाहूंच्या बाबतीत कैद हेच बालपण झालं. त्या तळाला छावणी म्हणायचं, पण ते हलतं शहर होतं, त्यात बाजार, कचेऱ्या, जनाने, तोफखाना सगळं होतं. तळ हलला की कैदीही हलायचे. १६९५ पासून चारेक वर्षं भीमेकाठी माचणूरजवळ ब्रह्मपुरीला मुक्काम पडला. १६९९ नंतर ऐंशी ओलांडलेला म्हातारा बादशहा स्वतः किल्ले घ्यायला निघाला: सातारा १७००, पन्हाळा १७०१, विशाळगड १७०२, सिंहगड १७०३, राजगड आणि तोरणा १७०४. आजोबांचे एकेक किल्ले पडल्याच्या बातम्या नातवाला शत्रूच्या तळावर कळत होत्या, आणि मराठ्यांनी ते परत घेतल्याच्याही.

त्या दिवसांतला एक प्रसंग इतिहासकारांनी दिला आहे. शाहू शिजवलेलं अन्न खात नाहीत, मिठाई आणि फळांवर राहतात आणि अशक्त होत चालले आहेत, असं बादशहाच्या कानावर गेलं. कैदेत असताना शिजवलेलं अन्न घ्यायचं नाही असा त्यांचा नेम होता. बादशहाने हमीदुद्दीनखानाकरवी निरोप धाडला: तू कैदेत नाहीस, आपल्याच घरी आहेस, जेवत जा.

या एका निरोपात सगळी परिस्थिती आली. बेड्या नसल्यामुळे कैद करणारा तिला कैद म्हणायलाच तयार नाही. तेव्हा ती कैद आहे हे दाखवायला त्या मुलापाशी एकच साधन उरलं होतं, स्वतःचं पोट.

औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिने या मायलेकरांना माया लावली असं सगळेच सांगतात. तिच्या आधारामुळे बऱ्याच गोष्टी सुसह्य झाल्या. पण धोका टळला नव्हता. १७०३ च्या सुमाराला शाहूंनी मुसलमान व्हावं असा आग्रह सुरू झाला. तो टळला तो दुसऱ्या कुणीतरी किंमत मोजल्यामुळे. सरनौबत प्रतापराव गुजरांचे मुलगे खंडेराव आणि जगजीवन यांनी शाहूंच्या ऐवजी धर्मांतर केलं. नेसरीच्या खिंडीत सात जणांनी उडी घेतली ती कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. त्याच प्रतापरावांच्या मुलांनी केलेला हा त्याग मात्र फारसा कुणी सांगत नाही, कारण त्यात तलवार नाही आणि शेवटी ते मुसलमान राहिले. गादीवर आल्यावर शाहू त्यांना विसरले नाहीत, त्यांच्या घराण्याला इनामं करून दिली.

त्याच सुमारास बादशहाने शाहूंची लग्नंही तळावरच लावून दिली, एक जाधवांची मुलगी, दुसरी कण्हेरखेडच्या शिंद्यांची. बादशहाला नवी सून बघायची इच्छा झाली तेव्हा येसूबाईंनी सुनेऐवजी तिच्याबरोबर आलेल्या विरूबाई नावाच्या दासीला नटवून पाठवलं, असं सांगतात. ही विरूबाई पुढे शाहूंच्या संसारातली सर्वांत जवळची व्यक्ती झाली आणि १७४० मध्ये ती गेली तेव्हा महाराज पार खचले. दासी पाठवण्याची कथा तंतोतंत खरी असो वा नसो, येसूबाईंची रीत तीत बरोबर उतरली आहे. उघड नाही म्हणायचं नाही आणि हवं ते द्यायचंही नाही.

दोराहा: सुटका की सोडवणूक?

मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि त्यांच्या राणी ताराबाईंनी आपल्या लहान मुलाच्या नावाने लढा चालू ठेवला. तो इतक्या जोरात, की मुघल तळाभोवतीच मराठी फौजा घिरट्या घालू लागल्या. शाहूंना सोडून मराठ्यांत फूट पाडावी हा विचार तेव्हापासूनचा. शाहजादा कामबक्षाच्या मार्फत एकदा बोलणीही झाली, पण म्हाताऱ्याचा मराठ्यांवर विश्वास बसेना आणि हातचा मोहरा सोडवेना.

फेब्रुवारी-मार्च १७०७ च्या सुमारास औरंगजेब अहमदनगरला मेला. शाहजादा आझम तख्तासाठी उत्तरेकडे धावला आणि कैद्यांनाही बरोबर घेऊन निघाला. नर्मदा ओलांडल्यावर झुल्फिकारखानाने त्याला सल्ला दिला की आता शाहूला सोडा. ज्याने अठरा वर्षांपूर्वी रायगड घेऊन या मुलाला पकडून आणलं, तोच आता त्याच्या सुटकेची रदबदली करत होता. हिशेब साधा होता. आपण भाऊबंदकीत अडकणार, दक्षिण मोकळी राहणार. ताराबाईंसमोर शाहू उभे राहिले तर मराठे आपापसांतच गुंततील. वर शाहूंनी बादशाहीचं मांडलिकत्व मानायचं आणि त्याची हमी म्हणून आई, बायका आणि मदनसिंग मुघलांकडे राहायचे.

एक कैदी मोकळा झाला आणि त्याचं ओझं बाकीच्यांच्या मानेवर गेलं. येसूबाईंची कैद इथे बदलली. तोपर्यंत त्या पकडलेल्या राजाची विधवा होत्या. आता त्या मोकळ्या राजाची तारण होत्या. मुलगा जितका मोठा होईल, तितकी त्यांना सोडण्याची किंमत वाढत जाणार होती.

पंचवीस वर्षं पुरी करत आलेले शाहू थोड्या माणसांनिशी दक्षिणेला निघाले. ज्या मुलखावर राज्य करायचं त्याची त्यांना लहानपणीची पुसट आठवण. ताराबाईंनी जाहीर केलं की हा तोतया आहे, खरा शाहू नव्हे. हा आरोप आज हास्यास्पद वाटतो, पण विचार करा, साडेसात वर्षांचा असताना गेलेला मुलगा अठरा वर्षांनी परत येतो, ओळखणार कोण? मराठा सरदार परसोजी भोसले भेटीला आले, त्यांनी खातरी करून घेतली आणि शाहूंबरोबर एका ताटात जेवले. खलिते, शिक्के, मुघलांची मनसब, यांतल्या कशानेही जे झालं नसतं ते त्या ताटाने केलं. माणसं येऊन मिळू लागली. १२ ऑक्टोबर १७०७ ला भीमेकाठी खेडला ताराबाईंच्या फौजेशी लढाई झाली, त्यांचे सेनापती धनाजी जाधव ऐन वेळी शाहूंकडे आले आणि १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

तोवर आझम जिवंत नव्हता. जून १७०७ मध्ये जाजवच्या लढाईत तो मारला गेला होता. ज्याने वचन दिलं-घेतलं तोच गेला, मग करार कुणाशी? सरळ आहे, ओलीस ज्याच्या ताब्यात, करार त्याच्याशी.

दिल्लीची बारा वर्षं

येसूबाई दिल्लीला नेल्या गेल्या. तिथे बहादूरशहा, जहांदरशहा, फर्रुखसियर असे बादशहा एकामागून एक बदलले. झुल्फिकारखानाला १७१३ मध्ये फर्रुखसियरने ठार करवलं. पकडणाराही गेला, रदबदली करणाराही गेला, कैदी तिथेच.

बहादूरशहासमोर दक्षिणच्या सनदांचा प्रश्न आला तेव्हा झुल्फिकारखान शाहूंची बाजू घेत होता आणि वजीर मुनीमखान ताराबाईंची. बादशहाने तोडगा काढला: आधी आपसांत लढा, जिंकेल त्याला सनद. म्हणजे दोराहाला जी युक्ती केली होती तिचंच व्याज वसूल करणं. या सगळ्यात ओलिसांना सोडण्याचं कुणाला कारणच नव्हतं. शाहू दुबळे असते तर आई सोडायची गरज नव्हती, आणि बळकट असते तर सोडणं धोक्याचं होतं.

कारण निर्माण झालं ते दिल्लीतल्या भांडणातून. दक्षिणेचा सुभेदार सय्यद हुसेनअली आणि बादशहा फर्रुखसियर यांचं बिनसलं. हुसेनअलीला फौज हवी होती. त्याच्या पदरच्या शंकराजी मल्हारांच्या मध्यस्थीने १७१८ मध्ये शाहूंचे पेशवे बाळाजी विश्वनाथांनी त्याच्याशी करार केला. शिवाजी महाराजांच्या वेळचं स्वराज्य, दक्षिणच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी (म्हणजे महसुलाचा चौथा आणि दहावा हिस्सा), आणि येसूबाईंसह सगळ्या ओलिसांची सुटका या मागण्या. बदल्यात मराठ्यांनी १५,००० स्वार चाकरीला ठेवायचे आणि सालाना दहा लाखांची पेशकश भरायची. फर्रुखसियरने मंजुरी नाकारली. मग हुसेनअली आणि बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन दिल्लीलाच गेले.

फेब्रुवारी १७१९ अखेर फर्रुखसियर तख्तावरून ओढला गेला. त्या धामधुमीत शहरातले लोक मराठ्यांवर तुटून पडले आणि गल्ल्यांमध्ये दीड-दोन हजार माणसं मेली. त्यांत परसोजींचे मुलगे संताजी भोसले होते. बाळाजी महादेव भानू, म्हणजे पुढच्या नाना फडणवीसांचे आजोबा, तेही होते. ज्या परसोजींनी एका ताटात जेवून शाहूंना राजा केलं, त्यांचाच मुलगा त्या राजाची आई सोडवायला जाऊन कामी आला. मार्चमध्ये सनदा झाल्या. जुलैत येसूबाई साताऱ्याला पोचल्या. रायगड सोडून त्यांना तीस वर्षं होत आली होती.

पेशवाईचा इतिहास सांगणारे या मोहिमेकडे सनदांसाठी बघतात, आणि ते चूक नाही. पण स्वराज्याच्या धन्याने बादशहाच्या चाकरीत पंधरा हजार स्वार ठेवायचं कबूल केलं, यावर पुढे बरीच टीका झाली. टीकाकारांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं की समोरच्याच्या हातात ज्याची आई आहे, तो माणूस हा करार करत होता.

सुटल्यावरची कैद

शाहूंच्या मनातून मुघल तळ कधी गेला का? सुटून येताना ते औरंगजेबाच्या कबरीला जाऊन आले. ज्याने बापाला तसं मारलं त्याची कबर! शनिवारवाड्याचा दरवाजा दिल्लीच्या दिशेला ठेवायला शाहूंचा विरोध होता, कारण त्यात बादशहाचा अवमान होईल, अशीही आख्यायिका आहे. ती चवीपुरती घ्यावी. पण बादशाही राखायची, बुडवायची नाही, हे त्यांचं धोरण पक्कं होतं. १७३७ मध्ये खुद्द बाजीराव दिल्लीच्या वेशीवर पोचले आणि शहर न जाळता परतले.

याला ‘कैदेचा संस्कार’ म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला त्यात व्यवहारही दिसतो. ताराबाईंविरुद्ध शाहूंचा हक्क दोन गोष्टींवर उभा होता, जन्म आणि सनद. सनद देणारा बादशहाच नसेल तर तिची किंमत काय? १६८९ मध्ये एका पोराला सात हजारी मनसब देऊन औरंगजेबाने जी गाठ मारली, ती शाहूंना छत्रपती झाल्यावरही सोडता आली नाही, कारण तिच्यावरच त्यांचं छत्र तोललेलं होतं. भावना आणि हिशेब एकाच दिशेला ओढत असले की माणसाला आपण बांधलेले आहोत हे जाणवतही नाही.

आणि ताराबाई? १७१४ मध्ये सवत राजसबाईने त्यांना मुलासह पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. १७३० मध्ये शाहूंच्या फौजेने कोल्हापूरकरांचा, म्हणजे राजसबाईंच्या मुलाच्या पक्षाचा, पराभव केला तेव्हा त्या शाहूंच्या हाती लागल्या. शाहूंनी परत पाठवायची तयारी दाखवली, तर त्यांनी साताऱ्यालाच राहायचं पत्करलं, इथे कैद आणि तिथेही कैदच. ज्या बाईने आपल्याला तोतया ठरवलं होतं तिला शाहूंनी अजिंक्यताऱ्यावर इतमामाने ठेवलं. मान होता, खर्चाची सोय होती आणि जायची मोकळीक तेवढी नव्हती. असं कसं ठेवायचं हे शाहूंना कुणी शिकवायची गरज नव्हती.

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारले. ताराबाईंनी पुढे केलेला त्यांचा नातू रामराजा गादीवर आला. नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कोंडलं आणि नंतर हा आपला नातूच नव्हे म्हणाल्या. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही घेतली. नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याशी जुळवून घेतलं, पण रामराजाला त्यांच्याच ताब्यात राहू दिलं. छत्रपती किल्ल्यावर बंद असणं पेशव्यांच्या कारभाराला गैरसोयीचं नव्हतं.